काळ्या शनिवारचा बेत

जूनच्या शेवटच्या रविवारी, जेवणं झाल्यावर,
बाबा टेबलावरचे पावाचे कण तळहाताने झाडतात
आणि नकाशा उलगडतात.
घडीघडीवर चिकटपट्टी. लिमोजजवळ तर भोकच पडलंय,
लहानपणी मला वाटायचं तिथे तळं असेल.

फोन सांगतो की सगळं, मी म्हणते.
फोन सगळ्यांना तेच सांगतो, ते म्हणतात,
मग सगळे त्याच आडवाटेला.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी
लक्झेंबर्गमधली बांधकामं एकदम थांबतात,
क्रेनच्या माना जिथल्या तिथे.
गवंडी, सुतार, फरशीवाले
बुटांवरचं सिमेंट न झाडता गाडीत बसतात
आणि नैऋत्येला तोंड करतात,
दोन हजार किलोमीटरवरच्या त्या मुलखाकडे
ज्याचं नावच मुळी ‘डोंगरांपलीकडे’.
त्याच रात्री हॉलंड सुटतं, बेल्जियम सुटतं, अर्धं पॅरिस सुटतं.
फ्रान्समध्ये वाहतुकीच्या तक्त्यावर
असला शनिवार काळ्या रंगात छापतात.

एकतीस उन्हाळे बाबा त्या रंगाशी डाव मांडत आले.
पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत:
शहाण्णवची, पॅरिसला लांबून वळसा घालणारी.
दोन हजार तीनची, दिवसा झोपून रात्री हाकलेली.
एक शातोरूवरून, सूर्यफुलांमधून,
त्या गावातून जिथे आईला चर्चमागे उलटी झाली
आणि एका म्हातारीने न विचारता खुर्ची आणून दिली.
टाकी भरलेली हवी, मूत्राशय रिकामं, हा पहिला नियम.
पहाटे चारच्या आत बोर्दो ओलांडायचं, हा दुसरा.
कितीही वाट वाकडी करा,
घोडं पेंड खायचं ते बोर्दोलाच.
नदीवरच्या पुलाआधी लाल दिव्यांची रांग,
आणि बाबा स्टिअरिंगवर कपाळ टेकून
पोर्तुगीजमधल्या सगळ्या संतांची नावं
चुकीच्या कारणासाठी घेत.

गेल्या वर्षी निवृत्त झाले.
मी म्हटलं, आता कुणाची रजा आणि कुणाचा शुक्रवार?
सप्टेंबरात जा. मंगळवारी.
गेले.
बोर्दोला लागली अकरा मिनिटं.
रस्ता असा, की इंडिकेटर कुणासाठी द्यायचा.

आई फोनवर म्हणाली, आदेलिनु बोलतच नाहीत.
पाइनच्या जंगलातला तो थांबा,
जिथे दर वर्षी, न ठरवता,
सेराफिमकाका तीन गाड्या पुढे सापडायचे,
जिथे बंद इंजिनांच्या मधोमध पोरं चेंडू खेळायची
आणि नशातेलहून आलेला कुणी अनोळखी
बॉनेटवर टरबूज कापायचा
(आमच्या लुर्देशला नवरा तिथेच मिळाला,
दोन तास गाडी हलली नाही म्हणून),
तिथे नळापाशी एक पोलिश ट्रकवाला दाढी करत होता.
बस्स.
गावात पोचले तर जत्रा कधीच उरकलेली,
शिडीवर चढून एक माणूस दिव्यांच्या माळा उतरवत होता.
इतक्या लवकर कसे आलात, त्याने विचारलं.
की उशिरा?

आज पुन्हा नकाशा.
बाबांनी चाकूने पेन्सिलीला टोक काढलंय,
चष्मा कपाळावर, ओठ मिटलेले.
“शनिवारी दुपारी दोनला बोर्दो गाठायचं,
तर एशहून किती वाजता निघावं?”

दोनला? मी म्हणते. शनिवारी?
त्याहून वाईट वेळ अख्ख्या वर्षात नाही, बाबा.

“असं होय,” ते म्हणतात,
आणि पुलापाशी एक छोटा गोल काढतात,
मग तोच गोल पुन्हा गिरवतात.

फ्रिजवर आईची यादी आधीच लागली आहे.
थर्मास. औषधं. घडीच्या खुर्च्या, चार.
कॉडमाशाची भजी: ऐंशी.

गाडीत माणसं दोन.